वीस आणि पाव इंच

कानटोपी खाली ओढा आणि माझ्यामागून या. पाय जपून टाका. फरसबंदी ओली आहे आणि मधल्या गटारातून काय वाहतंय ते न बघितलेलंच बरं. लाकडाचा धूर, घोड्यांची लीद, ऱ्हाईन नदीवरून येणारा ओलसर वारा, सगळं एकदम नाकात शिरतं. रविवार आहे. चर्चच्या घंटा चहूबाजूंनी एकमेकींवर आदळतायत, लोक काळे कोट घालून लगबगीनं निघालेत. आजी तापात आपल्या कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची ना? ते कोलन हेच. या गल्लीत उभं राहिलात की त्या बाटलीची आठवण येतेच येते.

डोक्यावर बघा. कॅथिड्रल अर्धवटच आहे आणि त्याच्या ठेंगण्या बुरुजावर एक लाकडी यारी पिढ्यान्‌पिढ्या तशीच उभी आहे. तिच्याकडे बघत बसू नका, आपल्याला शाळेत जायचंय.

साल 1826, महिना जानेवारी. शाळा आज रिकामी आहे, फक्त एका खोलीत दिवा दिसतो. आत छत्तीस वर्षांचे गणिताचे मास्तर वाकून बसलेत, जॉर्ज ओहम. वडील कुलपं बनवणारे कारागीर; पोरांना गणित त्यांनी स्वतः शिकवलं. मास्तरांच्या हातांकडे बघितलंत तर हे उपकरण असं का जमलंय ते कळेल. असं काम कारागिराच्या घरातूनच येतं.

तुमच्या हाती बर्फाचं भांडं येतं. बोटं दोन मिनिटांत बधिर होतात. दुसऱ्या भांड्यात पाणी खळखळ उकळतंय, वाफेनं चेहऱ्याची ती बाजू भाजते. मधे बिस्मथ धातूची दांडी, तिच्या दोन्ही टोकांना तांबं जोडलेलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. एवढ्यावरच वीज वाहते! आदल्या वर्षी मास्तरांनी बॅटरीवर हेच करून बघितलं होतं, पण बॅटरी जोडली की तिचा जोर उतरायचा, थोडी विश्रांती मिळाली की चढायचा. मोजायचं कसं? पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकानं हा गरम-गार सांध्याचा उपाय सुचवला. उकळतं पाणी आणि वितळता बर्फ आपलं तापमान सोडत नाहीत, म्हणून जोरही हलत नाही. तुमची गारठलेली बोटं म्हणजे त्या जोराची राखण आहे, बर्फ संपू देऊ नका.

आता तारा. तांब्याच्या, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या, आठ लांबींच्या: 2, 4, 6, 10, 18, 34, 66 आणि 130 इंच. एकेक उचला, टोकं पाऱ्याच्या वाटीत बुडवा. सोन्याच्या पातळ पट्टीला टांगलेली चुंबकसुई वळते. वरची चकती फिरवून तिला मूळ जागी आणायचं आणि किती फिरवावी लागली ते वाचायचं. श्वाससुद्धा हळू घ्या.

दोन इंचांची तार: 326¾. दहा इंचांची: 238¼. एकशे तीस इंचांची: 48½.

तुम्ही गोंधळता. तार पाचपट लांब झाली, मग आकडा पाचव्या हिश्शावर का नाही आला? गोम इथेच आहे आणि मला तरी या सगळ्या दिवसातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं. वीज फक्त तुमच्या तारेतून जात नाही. ती बिस्मथमधून, तांब्यातून, पाऱ्यातूनही जाते आणि तिथलाही अडथळा तिला सोसावा लागतो. तो अडथळा या तारेच्या 20¼ इंचांएवढा आहे. पाटी घ्या. प्रत्येक लांबीत 20¼ मिळवा आणि 7285 ला त्या बेरजेनं भागा. दोन इंचांना 327 येतात, दहा इंचांना 241, एकशे तीसला 48½. पाहिलंत? सुईनं सांगितलं तेच, फरक अगदी किरकोळ.

7285 म्हणजे जोर. बेरीज म्हणजे एकूण अडथळा. भागाकार म्हणजे प्रवाह. व्होल्ट, अँपिअर, ओहम हे शब्द या खोलीत अजून कुणाला ठाऊक नाहीत, पण हिशेब झाला आहे. उलटा फिरवला की जोर भागिले प्रवाह म्हणजे अडथळा, ज्याला आपण रोध म्हणतो.

हात चोळा, आता चौदा वर्षांची उडी. मँचेस्टरजवळ बिअर गाळणाऱ्या घराण्यातला जेम्स जूल तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून थर्मामीटर वाचतोय. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. म्हणजे शक्ती काढायची तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. किंवा सरळ जोर गुणिले प्रवाह, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर.

चला, घरी. बाथरूममधल्या गीझरची पट्टी वाचा: 230 व्होल्ट, 2000 वॅट. भागाकार करा, 8.7 अँपिअर. 230 ला त्यानं भागा, साधारण 26.45 ओहम. आता असाच गावाकडचा गीझर घ्या, लांब लाइनीच्या शेवटच्या घरातला. सगळ्यांचे पंप चालू आहेत आणि मास्तरांचे ते वीस इंच इथं खांबाखांबांवरून आलेल्या तारेत आहेत. जोराचा वाटा तेच खातात, घरात 180 व्होल्ट उरतात. गीझरच्या आतली तार तीच, रोध तोच. प्रवाह 180 भागिले 26.45, तो पुन्हा 180 नं गुणला की 1225 वॅट. जी बादली पंधरा मिनिटांत तापायची तिला आज चोवीस लागतील.