मासवणचे बाबूराव

मंडळी, मागचे तीन वीकेंड ब्लॉगवर काहीच टाकलं नाही. रिलीज होतं, त्यामुळे शनिवार-रविवार म्हणजे काय हेच विसरलो होतो. पण या काळात बोईसर लोकलच्या खिडकीत बसून एक उद्योग मात्र चालू होता, तो आज सांगतो.

ऑफिसात मी बोईसरचा म्हटलं की समोरचा दोनच गोष्टी विचारतो. एक, तारापूरचं अणुऊर्जा केंद्र तुमच्या घरातून दिसतं का? दोन, एमआयडीसीचा वास अजून येतो का? (उत्तरं अनुक्रमे नाही आणि हो.) आमच्याकडचा कोणी जगप्रसिद्ध माणूस आहे का, असं आजवर कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं म्हणा.

तर झालं असं की दिलीपकुमारचा पहिला सिनेमा 'ज्वार भाटा', 1944 चा. टीममधल्या एकाने सांगितलं की त्याच्या परीक्षणात दिलीपकुमारला चक्क रक्तक्षय झाल्यासारखा दिसणारा नवा मेंबर म्हटलं होतं आणि वर त्याला व्हिटॅमिनची गरज असल्याचं सुचवलं होतं! कोण हा माणूस, म्हणून शोधायला गेलो. मासिक 'फिल्मइंडिया', संपादक बाबूराव पटेल, जन्म 1904, गाव मासवण, पालघरजवळ.

मासवण?! पालघरहून मनोरला जाताना सूर्या नदीकाठी लागतं ते मासवण? वसई-विरारकरांना हे नाव फक्त पाणी बंद असलं की पेपरात दिसतं, कारण त्यांचं सूर्याचं पाणी तिथून उपसलं जातं. आणि तिथला हा माणूस आपल्या सिनेमाच्या पहिल्या बड्या फॅन मासिकाचा मालक-संपादक!

अमेरिकेत हा प्रकार 1911 पासून होता. 'फोटोप्ले' वगैरे मासिकं नटनट्यांच्या गोष्टी सांगून खपायची. बाबूरावांनी फिल्मइंडिया 1935 साली मुंबईत सुरू केलं, किंमत चार आणे. शाळेत मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या या गृहस्थांनी इंग्रजी स्वतः शिकून घेतलं आणि मासिक काढलं तेही इंग्रजीत. देव आनंदनेही लिहून ठेवलंय की लाहोरला कॉलेजात असताना त्यांच्यात फिल्मइंडियाची केवढी चलती होती. थोडक्यात, लाहोरची पोरं वाचत होती आणि मासवणची बहुतेक माणसं वाचू शकत नव्हती. हे मला फार विचित्र वाटतं.

तीसच्या नि चाळीसच्या दशकातले बरेच अंक आता स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेत, फुकट. पालघर येईपर्यंत एक अंक चाळून होतो. एस. एम. पंडितांची रंगवलेली कव्हरं बघत बसावीत अशी. आत स्टुडिओंच्या पानभर जाहिराती आणि त्याच स्टुडिओंच्या सिनेमांची चामडी सोलणारी परीक्षणं, एकाच अंकात! आज कोणाची हिंमत होईल? अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हातात चाबूक आहे त्याच्याकडे जाहिरात द्यायला लोक घाबरूनही येतातच.

सगळ्यात धमाल म्हणजे वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर. लोक काय वाट्टेल ते विचारायचे. नटीच्या वजनापासून देशाच्या राजकारणापर्यंत. आणि बाबूराव प्रश्नकर्त्याचीच टोपी उडवायचे. आपण आज कमेंटमध्ये जे करतो ते हा माणूस नव्वद वर्षांपूर्वी छापून विकत होता :)

नुसती टवाळी नव्हती पण. 1938 मध्ये 'द ड्रम' नावाचा ब्रिटिश सिनेमा मुंबईत लागला, आपला म्हैसूरचा साबू त्यात होता. सिनेमा साम्राज्याची आरती ओवाळणारा. फिल्मइंडियाने त्याविरुद्ध रान उठवलं, शहरात निदर्शनं झाली आणि सिनेमा उतरवावा लागला. हे वाचलं आणि मी लगेच दोन मित्रांना मेसेज केला, "आपल्या पालघरचा माणूस!"

पुढच्या शनिवारी बाइक काढून मासवणला गेलोसुद्धा. टपरीवर चहा घेता घेता विचारलं, "काका, इथले ते बाबूराव पटेल, सिनेमावाले..." काका म्हणाले, "पटेल नाय रे, पाटील असतील. कुठले पाटील?" आणि तीन घरं दाखवली. मी नदीच्या पुलावर दहा मिनिटं उभा राहून परत आलो.

परत येऊन चाळीसच्या दशकाच्या अखेरचे अंक काढले आणि तिथे गाडी अडकली. फाळणीनंतर सूर बदलत जातो. मुसलमानांविषयी जे लिहिलंय ते वाचून "आपल्या पालघरचा माणूस" म्हणायची जीभ होईना. आणि बायकांबद्दल तर आधीपासूनच. नटीच्या शरीरावर, चारित्र्यावर विनोद, पानोपानी. आधी मी हसत होतो, हे कबूल करतो. सलग आठ-दहा अंक वाचले की हसू येत नाही.

स्वतः सिनेमे काढले तेव्हा काय झालं? 'द्रौपदी' (1944) आणि 'ग्वालन' (1946), दोन्हीत नायिका त्यांच्या पत्नी सुशीलाराणी, उत्तम गायिका. दोन्ही आपटले. इंडस्ट्रीत त्या दिवशी किती पेढे वाटले गेले असतील, कल्पना करा.

1952 ला टाइम्सचं 'फिल्मफेअर' आलं, सौम्य, गुळगुळीत. बाबूरावांचं मन तोवर राजकारणात रमलं होतं. साठच्या सुमारास फिल्मइंडियाच्या जागी 'मदर इंडिया' आलं, त्यात राजकारण, शिवाय होमिओपॅथीचे सल्ले. 1967 ला ते मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून जनसंघाचे खासदार झाले. 1982 मध्ये गेले. मंटोने त्यांचं व्यक्तिचित्र लिहिलंय, ते मिळालं तर जरूर वाचा. मंटोला हा माणूस आवडतही होता आणि खटकतही होता, तेव्हा मी एकटाच गोंधळलेलो नाही.

गेल्या रविवारी आजीला लॅपटॉपवर कव्हरं दाखवली. आजी सत्त्याऐंशीची, इंग्रजी येत नाही, पण चेहरे पटापट ओळखत होती. लीला चिटणीस, नर्गिस. एका पानावर थांबली, "ही शांता आपटे. 'कुंकू'तली. खाली काय लिहिलंय?"

मी वाचलं. भाषांतर काही केलं नाही, म्हटलं, "काही नाही गं, असंच."

मग तिला एक आख्यायिका सांगितली, खरी-खोटी देव जाणे. असं म्हणतात की बाबूरावांनी काहीतरी वाईटसाईट छापलं म्हणून शांताबाई छडी घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात गेल्या आणि त्यांना फोडून काढलं.

आजीने चष्मा काढला, पदराने पुसला. "बरं केलं," म्हणाली. "पुढचं पान लाव."