संशोधन सल्लागार समिती आणि वाशिमचा अभ्यासक

विद्यापीठीय समिती म्हटली की ठराव, कार्यवृत्त आणि प्रवासभत्ता एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वाशिमच्या अभ्यासकापुरता तरी हा विषय याहून गंभीर आहे. १९३९ साली वाशिम येथे सापडलेला वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपटच पाहावा. त्यातील वंशावळ संस्कृतात असून दानविषयक मजकूर प्राकृतात आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचे स्वतंत्र अस्तित्व याच ताम्रपटाने उजेडात आणले. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. लिपिज्ञ, प्राकृतज्ञ आणि इतिहासकार या तिघांचे साहाय्य लाभल्यावाचून अशा लेखाचा अर्थ विद्यार्थ्यास पुरता उलगडणे कठीण. वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारखा पंडित ही तिन्ही कामे एकटा करू शके. परंतु असे मार्गदर्शक सर्वांच्याच वाट्यास येतात असे नाही.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडील विद्यापीठांची जुनी रीत अशी की अभ्यासमंडळाने पाठ्यक्रम आखावा, परीक्षकांनी अखेरीस प्रबंध तपासावा आणि मधल्या वर्षांचा सारा भार एका मार्गदर्शकाने वाहावा. जर्मनीत तर मार्गदर्शकास ‘प्रबंधपिता’ अशा अर्थाचेच नाव आहे. अमेरिकेत मात्र विद्यार्थ्यामागे अनेक अध्यापकांची समिती असण्याचा प्रघात रूढ झाला. १९८३ मध्ये अमरावती येथे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि १९९८ मध्ये वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा निघाला. अंतर थोडे कमी झाले खरे. मार्गदर्शनाचे स्वरूप त्याने आपोआप पालटणार नव्हते.

तो पालट कागदावर आणला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने. प्रत्येक संशोधकास सल्लागार समिती असावी, तिने विषय निश्चित करावा, अभ्यासाची पद्धती ठरविण्यास साहाय्य करावे आणि संशोधकाने दर सहा महिन्यांनी तिच्यापुढे प्रगती मांडावी, असे तीत सांगितले आहे. २०२२ च्या नियमावलीने ही सादरीकरणे प्रत्येक सत्रास ठरविली. प्रगती असमाधानकारक असल्यास कारणे नोंदवून सुधारणा सुचविण्याचे, आणि त्यानेही न भागल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करण्याचे अधिकार समितीस आहेत.

एक पेच मात्र राहतो. या समितीचा निमंत्रक मार्गदर्शकच असतो. ताम्रपटातील एखाद्या प्राकृत रूपाविषयी विद्यार्थ्याचे व मार्गदर्शकाचे मत भिन्न झाले, तर ते ज्या बैठकीत मांडावयाचे ती बोलावणारा मार्गदर्शकच. अशा वेळी उरलेल्या सभासदांपैकी कोणास प्राकृत येते, यावरच विद्यार्थ्याची सारी भिस्त राहते.