अग्निसूचना यंत्रणा : राखणदारीचा इतिहास
थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेटावर 1867 पासून दीपगृह उभे आहे. त्याच्या दिव्याची निगा राखण्यास माणूस नेमलेला असे. इमारतींतील अग्निसूचना यंत्रणेच्या वाट्याला असा राखणदार क्वचितच आला; ती बसविली की कर्तव्य संपले, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ डिसेंबर 2008 पासून अंमलात आला आणि यंत्रणा सुस्थितीत राखण्याचा भार मालकावर वा भोगवटादारावर पडला. दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र देणेही बंधनकारक झाले. तरीही 9 जानेवारी 2021 रोजी उत्तररात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात धूर प्रथम दिसला तो परिचारिकेला. 10 नवजात बालके दगावली.

उपेक्षित यंत्रणा हाती घेणाऱ्यास प्रथम आढळतात त्या बाद झालेल्या बॅटऱ्या, धुळीने निकामी झालेले धूरशोधक आणि खोट्या इशाऱ्यांना कंटाळून कुणीतरी बंद करून ठेवलेले विभाग. समुद्रकाठी खाऱ्या हवेने तारांची टोकेही गंजतात, ते निराळेच. जुन्या नोंदवहीत सारे ‘ठीक’ लिहिलेले असले, तरी प्रत्येक धूरशोधकाजवळ धूर नेऊन घंटा वाजते की नाही, हे पाहावेच लागते. काम कंटाळवाणे खरे. पण नव्या खरेदीचा ठराव मांडण्यापूर्वी विश्वस्तांनी ते करवून घ्यावयाचे असते.