मर्जी, मरीज आणि रजेचा अर्ज

आजारी पडलेला कर्मचारी कार्यालयात जो कागद पाठवतो, त्यातील ‘अर्ज’, ‘रजा’, ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ हे शब्द अरबीतून निघून फारसीच्या वाटेने मराठीत आले, एवढे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. परंतु या चारही शब्दांत अरबी वर्णमालेतील एकच अक्षर दडलेले आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फारसीत ज्याला ‘ज़ाद’ म्हणतात ते हे अक्षर असून, त्याच्या उच्चाराचा अरबी भाषकांना इतका अभिमान की आपल्या भाषेला ते याच अक्षराची भाषा म्हणत आले. फारसीत त्याचा ‘ज़’ झाला आणि मराठीने त्याला आपल्या ‘ज’च्या घरात जागा दिली.

‘रजा’ हा शब्द ‘रिज़ा’ म्हणजे संतोष किंवा संमती या शब्दाचा मराठी अवतार होय, आणि ‘राजी’, ‘नाराज’, ‘मर्जी’ व ‘राजीनामा’ ही सारी त्याचीच भावंडे. म्हणजे रजा हा मुळात कामाविना घालवलेला काळ नव्हे, तर तसा काळ घालवण्यास वरिष्ठाने दिलेली संमती आहे. खरे नवल याच्या पुढे आहे. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे ‘पसंत पडलेले’ या अर्थाचा ‘मर्ज़ी’ आणि ‘आजारासंबंधीचे’ या अर्थाचा ‘मरज़ी’ हे दोन शब्द कागदावर अक्षराला अक्षर सारखे दिसतात. आजारपणाच्या रजेला आजच्या अरबीत ‘इजाज़ा मरज़िय्या’ म्हणतात, ज्यातील पहिला शब्द मराठीतल्या ‘इजाजत’चा सख्खा आहे आणि दुसरा संदर्भ सोडून वाचला तर ‘मर्जीतली’ असाही वाचता येतो. धातू अर्थातच वेगळे आहेत. ‘मर्जी’तील ‘म’ हा जोडलेला उपसर्ग आहे, तर ‘मरीज’मधील ‘म’ धातूचाच अवयव आहे. तरीही मर्जी आणि मरीज यांची ही गाठ आजारपणाच्या रजेचा सारा पेच एका अक्षरओळीत दाखवते, कारण आजार कोणाच्या मर्जीने येत नाही आणि रजा मर्जीवाचून मिळत नाही.

‘रिज़ा’पासून ‘रजा’ या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धी आहे. अरबीत ‘आशा’ या अर्थाचा ‘रजा’ असा वेगळाच शब्द असून त्यात ‘ज़ाद’ नसून साधा ‘ज’ आहे, आणि त्यातील पहिला स्वरही मराठी शब्दाशी अधिक जुळतो. अर्जदार रजेची आशाच धरत असतो, असे म्हणून हा पक्ष मांडता येईल. उलट बाजूने ‘रजा’चा ‘ज’ मराठीत ‘मजा’ आणि ‘सजा’प्रमाणे दंततालव्य उच्चारला जातो, ‘राजा’तल्यासारखा तालव्य नाही, असा पुरावा पुढे करण्याचा मोह होतो, पण ‘जमा’ आणि ‘जबाब’ यांत मुळात साधा ‘ज’ असूनही मराठी उच्चार दंततालव्यच आहे, म्हणून तो पुरावा टिकत नाही. निकाल लागतो तो स्वर आणि अर्थ यांवर. भारतीय उच्चारात ‘रिज़ा’चा ‘रज़ा’ होतोच, हे त्या नावाच्या असंख्य व्यक्तींवरून दिसते. आणि मराठीत रजा मागितली, दिली, नाकारली जाते, तर आशा धरली जाते, बाळगली जाते, पण कोणी ती मंजूर करीत नाही.

भावंडांपैकी ‘राजीनामा’चा प्रवास सर्वांत विलक्षण ठरला. पेशवाईत पंचायतीचा निवाडा मान्य करू, असे वादी-प्रतिवादींनी आधी लिहून दिलेला संमतीचा कागद तो राजीनामा. पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा देई आणि नवा धारक कबुलायत, म्हणजे जमीन स्वीकारल्याचा लेख, लिहून देई. हिंदी-उर्दूत आजही ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोडीचा लेख आणि नोकरी सोडणे म्हणजे ‘इस्तीफ़ा’. मात्र मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि तमिळ या भाषांत नोकरी सोडण्याच्या पत्रालाच राजीनामा म्हणतात. हा भाषापट्टा रयतवारीच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांशी इतका जुळतो, की जमीन सोडण्याचा कागदच नोकरी सोडण्याचा कागद झाला, असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. संमतीच्या एकाच धातूतून नोकरीत राहून दूर राहण्याचा शब्द निघाला आणि नोकरीपासून कायमचे दूर होण्याचाही.

शेजारच्या भाषांत ‘रजा’चा अर्थ सैल झाला. गुजरातीत सार्वजनिक सुट्टीला ‘जाहेर रजा’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘रजे’ शाळेच्या सुट्टीलाही चालते, आणि सरकारी हिंदीने तर ‘अवकाश’ स्वीकारून संमतीऐवजी मोकळ्या वेळाकडे बोट दाखवले. इंग्रजीतील ‘लीव्ह’चाही मूळ अर्थ परवानगी असाच आहे. मराठीने मात्र ‘सुटणे’पासून आलेली सुट्टी आणि रजा यांतील भेद कसोशीने जपला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळालेला रविवार ही सुट्टी होती. ती सर्वांची होती आणि तिच्यासाठी दर वेळी कोणापुढे अर्ज करावा लागत नव्हता.

हा जुना अर्थ महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांतही जिवंत आहे, कारण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे ते नियम सांगतात. आजारपणापुरती तोड वैद्यकीय प्रमाणपत्राने काढली. मंजुरी साहेबाचीच राहिली, पण तिचा आधार डॉक्टरच्या सहीकडे गेला. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते आणि प्रमाणपत्र देऊन पूर्ण पगाराची परिवर्तित रजा घेतली, तर तिच्या एका दिवसासाठी त्या खात्यातून दोन दिवस वजा होतात. गावच्या लग्नासाठी पोटदुखीचा दाखला आणणारा कर्मचारी केवळ दिवस चुकवत नाही, तर संमती ज्या एकमेव पुराव्यावर उभी आहे तोच पोकळ करतो, आणि पुढच्या खऱ्या रुग्णाचा दाखला त्यामुळे संशयाने वाचला जातो. अंगात ताप असताना हजेरी लावणाऱ्याचे कौतुक होते तेही अनाठायी आहे. तो आपला आजार शेजारच्या टेबलापर्यंत पोचवतो आणि ज्या दिवसांसाठी हे खाते उघडले तेच दिवस पडून राहतात.

कारखान्यातील कामगारासाठी हा पेच वेगळ्या रीतीने सुटला. जर्मनीने 1883 मध्येच आजारपणाचा विमा सक्तीचा केला होता, तर भारतात बी. पी. अडारकर यांच्या औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यावरील 1944 च्या अहवालानंतर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्याच्या योजनेत वर्गणी भरलेल्या कामगाराला, पुढे ठरलेल्या नियमांनुसार, वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळू लागली आणि तो लाभ चालू असताना त्याला कामावरून काढण्यास मनाई झाली. या रकमेचे नाव ‘रजा’ नसून ‘आजारपणाचा लाभ’ आहे, आणि ते चपखलच म्हटले पाहिजे, कारण वर्गणी भरणाऱ्याला कोणाला राजी करावे लागत नाही.

सरकारी कर्मचाऱ्याला मात्र वैद्यकीय रजा संपल्यावर तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय कामावर रुजू होता येत नाही. हा ‘रुजू’ शब्दही अरबी असला तरी त्यात ‘ज़ाद’ नाही. त्याचे मूळ ‘रुजूअ’ असून त्याचा अर्थ परत येणे असा आहे. नव्या नेमणुकीवर पहिल्यांदाच येणारा मनुष्यही मराठीत रुजूच होतो, पण शब्दाच्या मूळ अर्थाने खरा रुजू होतो तो बरा होऊन परतलेला कर्मचारी.