वाहक बहुवारिकांची इंकजेट छपाई

वीज वाहून नेणाऱ्या बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, शाई करून ती प्लॅस्टिकच्या फिल्मवर थेंबाथेंबाने हव्या त्याच जागी टाकण्याची पद्धत. वाकणारे सेंद्रिय प्रकाशदिवे, म्हणजे ओएलईडी, बनवण्यासाठी ती विशेष उपयोगी पडते.

प्लॅस्टिकसारखा पदार्थ वीज वाहू शकतो हे हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलिनवर दाखवले. २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. बहुवारिकातून प्रकाश निघतो, हे केंब्रिजच्या गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले.

छपाईत सर्वाधिक वापरले जाणारे वाहक बहुवारिक म्हणजे पेडॉट-पीएसएस. एकटे पेडॉट पाण्यात विरघळत नाही. पीएसएस या दुसऱ्या बहुवारिकाच्या जोडीने त्याचे गडद निळे, छापण्याजोगे मिश्रण होते. पातळ थर जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाकवला तरी टिकतो. पारदर्शक वाहक थरासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या इंडियम टिन ऑक्साइडला वाकवताना तडे जातात. साध्या मिश्रणाची वाहकता बेताचीच असते, पण थोडे एथिलीन ग्लायकॉल घातले की ती शेकडो पटींनी वाढते.

छपाईयंत्राच्या डोक्यातील पायझो स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो आकार बदलतो आणि बारीक छिद्रातून थेंब बाहेर पडतो. १० पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे २७ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. साचा लागत नाही, शाईही वाया जात नाही. फिरत्या चकतीवर थर देण्याच्या पद्धतीत बहुतेक द्रावण बाहेर फेकले जाऊन वाया जाते.

खरी कसोटी थेंब वाळताना लागते. टेबलावर सांडलेला चहा वाळला की कडेला गडद कडे उरते, तेच इथेही घडते: थेंबाच्या कडेचे पाणी आधी उडते, ती तूट भरायला आतला द्रव कडेकडे वाहतो आणि घन पदार्थ तिथे साचतो. मध्यभागी थर विरळ राहतो. दिव्यात जिथे थर पातळ, तिथे जास्त वीज धावते. प्रकाश ठिपक्याठिपक्यांचा पडतो, कधी शॉर्टसर्किटही होते. त्यावर उपाय म्हणून पाण्यात उशिरा उडणारे दुसरे द्रावक मिसळतात. कडेला त्याचे प्रमाण वाढते आणि पृष्ठताणातील फरकामुळे द्रव उलट, मध्याकडे, वळवता येतो. नुसते तापमान वाढवून भागत नाही; पीईटी या प्लॅस्टिकची फिल्म साधारण १५० अंश सेल्सिअसपुढे आकार सोडू लागते.

पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी आहे, शिवाय ओलावा ओढून घेते. त्यामुळे छापलेला दिवा दोन्ही बाजूंनी बंदिस्त करावा लागतो. दीर्घायुषी ओएलईडीसाठी एक चौरस मीटर आवरणातून दिवसाला सुमारे एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बाष्प आत जाता कामा नये, असे मानतात.