पडवीतला कोपरा

‘खेळखोली’ हा शब्द मराठी घराला उपराच. वेल्ह्याकडच्या जुन्या घरांत पडवी, माजघर, माळा. मुलांच्या नावाची जागा कुठेच नाही. तोरण्यावर ढग उतरले की पडवीच्या कोपऱ्यात सागरगोटे, भातुकली मांडायची आणि पाहुणा आला की आवरायची. कोपरा होता, हक्क नव्हता.

या हक्काचा विचार ताराबाई मोडकांनी केला. १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभताना माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, गोटे आले. मांडणीचे तत्त्व मात्र माँटेसरीचेच: वस्तू मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवावी, खेळून झाल्यावर त्यानेच ती जागच्या जागी ठेवावी. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी.

१९७५ च्या सरकारी योजनेने हा शब्द देशभर नेला. आज शहरी सदनिकेत रंगीत खेळखोली सजते, पण खेळण्यांचे कपाट पुष्कळदा मोठ्यांच्याच उंचीचे असते. (आमच्या घरीही होते.) वेल्ह्याच्या पडवीत निदान सागरगोटे जमिनीवर असत.