बाटलीवरचं पहिलं नाव

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एकीच्या भाचीने मुंबईहून आणलेली बाटली हातोहात फिरली. चेहऱ्याला लावायचं तेल, ३० मिली, किंमत दीड हजार. वर सोनेरी अक्षरांत ‘आर्गन’. एवढ्यात घाण्यावरचं तीन लिटर तीळतेल येईल, असं एक आजी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. पण मग प्रश्न पडला, की या आर्गनमध्ये असं आहे तरी काय? त्याचीच कुळकथा आज सांगतो.

आर्गन हे काटेरी झाड. ते मुख्यतः आफ्रिकेतल्या मोरोक्को देशाच्या नैर्ऋत्य भागात, कोरड्या माळावर वाढतं. शेळ्या चक्क झाडावर चढून त्याची फळं खातात. तिथल्या अमाझिग बायका पिढ्यान्‌पिढ्या हे तेल काढत आल्या. फळ वाळवायचं, सोलायचं, आतली टणक बी दोन दगडांमध्ये धरून फोडायची. गर दगडी जात्यात दळायचा, मग त्या लगद्यात थोडं थोडं कोमट पाणी घालून तेल सुटेपर्यंत मळत राहायचं. खायचं तेल असेल तर गर आधी भाजतात, अंगाला लावायचं असेल तर कच्चाच घेतात. पेंड गुरांना. आपल्याला यात परकं काय वाटणार?

बाहेरच्या जगाला याची फारशी खबर नव्हती. रबातच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झुबिदा शारूफ यांनी या तेलाचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तामनार गावात बायकांची सहकारी संस्था उभी करायला मदत केली. नाव ‘अमल’, म्हणजे आशा. सुरुवातीच्या सभासद विधवा आणि घटस्फोटित बायका होत्या. पुढे युरोप-अमेरिकेच्या बाजारात आर्गनचं नाव झालं, किंमत चढली. फळांना भाव आला तशी काही घरांनी शेळ्या वाढवल्या, मुली पुढच्या शाळेत जाऊ लागल्या. जंगलाचं मात्र त्याने भलं झालं नाही.

आता जरा हिशेब करू. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो गर लागतो. एक बाई दिवसभर दगड चालवून किलो-सव्वा किलो गर काढते, आणि मजुरी बहुधा किलोवर मिळते. म्हणजे ३० मिलीची बाटली अगदी शंभर टक्के आर्गनची असली, तरी तिच्यात गर सुमारे ७५ ग्रॅम. त्या बाईचं फार तर अर्ध्या तासाचं काम. दीड हजारातले बाकीचे पैसे कुठे गेले, ते गटाचं जमाखर्चाचं वहीखातं सांभाळणाऱ्यांना सांगायला नको.

आणि तेल म्हणून पाहिलं तर? आर्गनमध्ये ओलेइक आम्ल चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या पुढे आणि लिनोलेइक तीसच्या आसपास. आपल्या तिळाच्या तेलातही हीच दोन आम्लं मुख्य, दोन्ही जवळपास चाळीस-चाळीस टक्के. करडईत लिनोलेइक सत्तरच्या वर. ई जीवनसत्त्व आर्गनमध्ये चांगलं असतं, ते कबूल करायला हवं. पण तीळतेलाच्या कितीतरी पट पैसे मोजावेत एवढा फरक आम्हाला तरी दिसला नाही.

हे आज आपण ताडून पाहू शकतो, कारण बाटलीवर घटक छापलेले असतात. पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी सक्तीची झाली ती १९७७ च्या सुमारास, युरोपात १९९७ पासून. त्याआधी बाईने जाहिरातीवर विश्वास ठेवायचा आणि पैसे मोजायचे. नियम साधा आहे: जे सर्वांत जास्त, ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही लिहिता येतात. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही असाच क्रम आहे.

मग आम्ही चष्मा लावून ती बाटली उलटी केली. पहिलं नाव ‘हेलिअँथस अ‍ॅन्युअस’, म्हणजे सूर्यफूल. दुसरं ‘कार्थॅमस टिंक्टोरियस’. हे भारदस्त नाव आपल्या करडईचं, बरं का! तिसरं ‘सेसॅमम इंडिकम’, तीळ. मग सुगंध. आणि सुगंधाच्याही नंतर ‘अर्गानिया स्पिनोसा’, म्हणजे ते आर्गन.

आजी म्हणाल्या, मग आपणच भरू या बाटल्या. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. घाण्याचं तेल खाण्याचं म्हणून विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तेच चेहऱ्याचं तेल म्हणून बनवून विकायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून सौंदर्यप्रसाधनाचा वेगळा परवाना काढावा लागतो. त्याची माहिती आणायला दोघीजणी येत्या सोमवारी जिल्ह्याला जाणार आहेत. बाटली भाचीला परत दिली आहे.